मन्नूबियाचं नाक आणि नणंदेची जीभ

अल्लानं नाबुलच्या बाकी बायकांना एकेक नाक दिलं आणि उरलंसुरलं सगळं आपल्याला देऊन टाकलं, असं मन्नूबिया स्वतःच सांगायची. ऐकणारीनं मान डोलवायची. न डोलवून जाते कुठे? तिच्याही घरी फुलांची भट्टी लागणार होतीच आणि तिचंही पाणी एक दिवस मन्नूबियाच्या तळहातावर पडणार होतं.

मार्च सरत आला की इथे ट्युनिसियात कडू नारिंगाची झाडं फुलतात आणि बायकांची डोकी फिरतात. फुलं बाजारातून ढिगानं घरी येतात, सावलीत चादरीवर पसरतात, मग पाण्याबरोबर तांब्याच्या भट्टीत चढतात. वरच्या टोपात गार पाणी बदलत राहायचं आणि नळीतून थेंबथेंब जो अर्क उतरतो तो बाटलीत धरायचा. कॉफीत तोच, गोड कुसकुसात तोच, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर तोच, आणि माणूस मेला की त्याच्या अंगावरही तोच. पाण्यावर तेलाचा पिवळसर तवंग येतो, त्यासाठी म्हणे फ्रान्सचे अत्तरवाले जीव टाकतात. मन्नूबियाचा मुलगा लारूसी गावाबाहेरच्या कारखान्यात फुलं तोलायचा, तिथून ते तेल जहाजानं तिकडे जायचं. एकदा नात इश्राक ट्युनिसहून महागडी अत्तराची कुपी घेऊन आली. म्हणाली, "आज्जी, यात आपल्याच नाबुलची फुलं आहेत." मन्नूबियानं कुपी नाकाशी धरली, तोंड वाकडं केलं आणि परत दिली. "आहेत गं बाई, आहेत. पण दारुड्याच्या घरी नांदून आल्येत बिचारी."

तर असं ते नाक. गल्लीची रीत अशी की हंगामातली पहिली बाटली उतरली की शेजारणींच्या तळहातावर चार थेंब टाकायचे. बाकीच्या बायका तळहात चोळून हुंगायच्या, "माशाल्ला" म्हणायच्या आणि चहा पिऊन निघायच्या. मन्नूबिया मात्र डोळे मिटायची. तिनं डोळे मिटले की घरमालकिणीचा श्वास अडकायचा. मग निकाल यायचा. "देठं काढली नाहीत. आळस केलास." किंवा, "फुलं कालची नाहीत, परवाची आहेत. स्वस्तात मिळाली वाटतं?" एकीला तर ती म्हणाली होती, "वाया नाही गेलं हो. पाय धुवायला उत्तम." ती बाई त्या वर्षी ईदेलाही धड कुणाकडे गेली नाही.

सोयरिकीतही या नाकानं कमी उच्छाद मांडला नाही. लारूसीसाठी मुली बघायला गेली, तिथे कॉफीत टाकलेल्या दोन थेंबांवरून तिनं दोन घरं नापास केली. तिसरी विसाल. ती कशी पास झाली, हे मन्नूबियानं तिला लग्नानंतर प्रत्येक समारंभात, चारचौघांत, न चुकता सांगितलं. "त्या दिवशी मला सर्दी होती." विसाल हसून ताटं उचलायची. पहिली काही वर्षं ती आत जाऊन रडायची, नंतर रडायचं सोडून दिलं. रोज कोण रडतं?

या गल्लीत मन्नूबियाला न भिणारी एकच बाई होती, ती म्हणजे तिची नणंद हल्लूमा. समोरच राहायची. दर वसंतात मन्नूबियाची पहिली बाटली उतरली की हल्लूमा शेवटी, सगळ्या जमल्या की मुद्दाम उशिरा यायची, हात पुढे करायची, हुंगायची आणि म्हणायची, "वहिनी, जिना धुवायचाय माझा. देशील का यातलं बादलीभर?" मन्नूबिया म्हणायची, "देते की. तुझं पाणी तू प्यायला ठेवतेस, मग जिन्याला काय उरणार?" मग दोघी पुदिन्याचा चहा प्यायच्या आणि दोघींचं पोट भरायचं. ज्या वर्षी मन्नूबियाचा नवरा, म्हणजे हल्लूमाचा सख्खा भाऊ गेला, त्या वर्षी कुणी काही बोलायला धजेना. हल्लूमा आली, भावाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हमसून हमसून रडली, ओढणीनं नाक पुसलं, चार थेंब हुंगले आणि म्हणाली, "पातळ आहे." तो गेल्यापासून मन्नूबियाला त्या क्षणी पहिल्यांदा हायसं वाटलं.

हे भांडण चालायचं ते गल्लीत, ओट्यावर, फार तर दारात. भट्टीच्या खोलीत नाही. मन्नूबियाच्या सासूनं घालून दिलेला दंडक होता. भट्टी राखेनं आणि लिंबानं घासायची, उदाचा धूर द्यायचा, अंघोळ करून धुतलेले कपडे घालून बसायचं. भट्टीपाशी भांडायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. खोटं बोललं की पाणी नासतं. त्यामुळे त्या घरातलं सगळं भांडण आणि सगळं खोटं बाहेर ओट्यावर येऊन साठायचं, आणि ते आम्ही सगळे गल्लीवाले सोसायचो.

आणि मग या हिवाळ्यात मन्नूबियाला ताप आला. साधाच ताप. आला तसा गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला.

पहिल्यांदा तिला ते कळलंच नाही. सकाळी कॉफी आली, घोट घेतला, कप खाली आपटला. "यात थेंब टाकलेत की नुसते टाकल्यासारखे केलेत?" विसालनं आणखी दोन टाकले. "अजून नाही लागत. पाणी घातलंस ना बाटलीत?" सून घरात असताना स्वतःच्या नाकाला दोष कोण देतं? दोन आठवडे सुनेच्या कॉफीला, सुनेच्या साबणाला आणि सुनेच्या हरीसाला, म्हणजे मिरचीच्या ठेच्यालाही, वास नव्हता. मग एका दुपारी घरात कुणी नसताना मन्नूबियानं कपाटातली स्वतःच्या हातची, गेल्या वर्षीची बाटली काढली, बूच उघडलं आणि नाक आत खुपसलं. नुसतं ओलं. विहिरीच्या काठावर वाकावं तसं. तिनं बूच लावलं, बाटली जागेवर ठेवली आणि पलंगावर बसून राहिली. घाबरली होती ती. आयुष्यात पहिल्यांदा खरी घाबरली.

डॉक्टरकडे ती गुपचूप जाऊन आली, गुडघ्याचं निमित्त काढून. डॉक्टर म्हणाला, "येईल परत, कदाचित नाही येणार. वाट बघा, मावशी." मन्नूबिया म्हणाली, "मी बघीन रे वाट. फुलं बघतील का?"

फुलं कसली बघतात! आणि या वर्षीची फुलं साधी नव्हती. इश्राकची सोयरीक ठरली होती. रविवारी साखरपुडा. घराण्याची रीत अशी की हंगामातली पहिली बाटली मुलीच्या आजीनं नवऱ्यामुलाच्या घरी पाठवायची, त्या घरच्या सासूनं ती चांदीच्या गुलाबदाणीत भरून दाराशी पाहुण्यांवर शिंपडायची. म्हणजे अख्ख्या नाबुलच्या डोक्यावर मन्नूबियाचं पाणी. चांगलं असलं तर लोक दोन दिवस बोलणार. वाईट असलं तर पोरीची पोरं मोठी होईपर्यंत बोलणार. मन्नूबियापेक्षा हे कुणाला जास्त ठाऊक? असल्या बोलण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिनंच केलेली असायची.

शहाणी बाई असती तर म्हणाली असती, विसाल, ये बस, माझं नाक गेलंय. मन्नूबिया म्हणाली, "विसाल, इश्राकला घेऊन बाजारात जा. चादरी आण, बदाम आण, आणि जेवणापर्यंत तोंड दाखवू नका. मला भट्टीपाशी गर्दी नको." विसाल दारात घुटमळली. "लल्ला, मी नुसती टोपातलं पाणी बदलायला थांबू का?" लग्न होऊन आल्यापासून सून सासूला लल्ला म्हणायची आणि लग्न होऊन आल्यापासून हेच विचारायची. "तू पाणी बदलशील आणि मी काय बदलू, नाक?" मन्नूबिया म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकली.

बाकी बायका जाळ बघतात, भट्टीचा आवाज ऐकतात, थेंबांचा वेग बघतात. मन्नूबिया या सगळ्या गोष्टींना हसायची. तिचं सगळं वासावर. फुलांचा पहिला हिरवा वास जाऊन गोड वास आला की लाकूड एक ओढायचं, गोडात जरा जडपणा आला की दुसरं ओढायचं, आणि उकडल्या भाजीसारखं वाटायच्या आत बाटली काढायची. उभ्या जन्मात तिनं जाळाकडे नीट पाहिलं नव्हतं. आता पाहायला लागली तर तिला कळेचना की एवढा जाळ म्हणजे जास्त की कमी. तिनं वाफ निसटू नये म्हणून भट्टीच्या सांध्याला पीठ फासलेल्या चिंध्या लावल्या, टोपात गार पाणी ओतलं, स्टुलावर बसली आणि सवयीनं, कुणी नसताना, डोळे मिटून म्हणाली, "अहाहा!"

भट्टीपाशी, हं. धडधडीत खोटं.

पुढे काय झालं ते तिच्याखेरीज सगळ्या गल्लीला कळलं. आधी समोरच्या खिडक्या बंद झाल्या. मग कोपऱ्यावरच्या कुंभारानं बाहेर येऊन कुणाचं काय जळतंय म्हणून आभाळाकडे पाहिलं. तळाचं पाणी आटलं होतं आणि फुलं भांड्याला चिकटून करपत होती. मन्नूबिया स्टुलावर ताठ बसून थेंब मोजत होती. विसाल आणि इश्राक बदाम घेऊन दारात आल्या, तेव्हा इश्राकनं तोंडावर रुमाल धरला आणि आईनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पोरगी कळवळली.

"झालं?" विसालनं विचारलं.

"झालं. ये, हात कर."

विसालनं हात केला. हुंगलं. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरामुळे की कशामुळे कोण जाणे. "सुंदर झालंय, लल्ला," ती म्हणाली. भट्टीच्या खोलीबाहेर, ओट्यावर येऊन म्हणाली, एवढं मात्र खरं.

दुपारी शेजारणी आल्या. एकेकीनं तळहात पुढे केला, एकेकीनं हुंगलं. "माशाल्ला!" "वा, वा, वा!" "हात आहे की जादू, मन्नूबिया मावशी!" जिला पाय धुवायला सांगितलं होतं ती बाईसुद्धा आली होती. तिनं हुंगलं, डोळे विस्फारले, क्षणभर तिच्या तोंडावर अशी चमक आली की आता ही इतक्या वर्षांचा सूड उगवणार. पण मागे हात जोडून उभ्या असलेल्या विसालकडे बघून ती म्हणाली, "छान आहे हो." मन्नूबिया लोडाला टेकून बसली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं तर. नाक नसलं म्हणून काय झालं, हात तर आहे! तिनं मनातल्या मनात डॉक्टरला दोन शिव्या हासडल्या आणि सगळ्यांना आणखी एकेक बदामाची वडी घ्यायला लावली.

शेवटी हल्लूमा आली. नेहमीसारखी उशिरा, नेहमीसारखी ठसक्यात. मन्नूबियानं बाटली कलती केली. उत्तर जिभेवर तयार होतं. जिन्याबद्दल बोलली तर हे, अंगणाबद्दल बोलली तर ते. हल्लूमानं तळहात चोळले, नाकाशी नेले आणि तिथेच धरून ठेवले. बायका चहाच्या ग्लासात बघायला लागल्या. हल्लूमानं हात खाली घेतले, भावजयीकडे पाहिलं, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "छान झालंय गं, वहिनी."

मन्नूबियानं बाटलीला बूच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

बाकी सगळ्यांचं कौतुक तिनं पचवलं होतं. हे पचेना. नवरा गेला त्या वर्षी जिनं दया दाखवली नाही, ती आज दाखवते? म्हणजे नवरा जाण्यापेक्षा मोठं काहीतरी गेलंय आणि ते हिला कळलंय. "चहा घे," मन्नूबिया कसंबसं म्हणाली. हल्लूमानं मुकाट्यानं चहा घेतला आणि साखर कमी आहे असंही म्हणाली नाही.

बायका गेल्या तशी मन्नूबिया उठून भट्टीच्या खोलीत गेली. भांडं घासून पालथं घातलेलं होतं. विसालचं काम. तिनं ते उलटं केलं, आत हात घातला आणि तळावरून बोटं फिरवली. सून कितीही घासो, करपलेला थर एका घासण्यात निघतो का? बोटांना खरखरीत लागलं. ती तिथेच जमिनीवर बसली. नाक गेलं याचं तिला आत्ता खरं दुःख झालं, आणि त्याहून मोठी लाज वाटली, कारण अख्खी गल्ली आपली कीव करून आपल्याच वड्या खाऊन गेली होती.

मग ती उठली, ओढणी घेतली, गल्ली ओलांडली आणि नणंदेच्या दारावर दोन्ही हातांनी धडका दिल्या.

"काय झालं? कोण गेलं?" हल्लूमानं दार उघडलं.

"मी गेले. चल."

"कुठे?"

"माझ्या भट्टीपाशी. जे माझ्या ओट्यावर बोललीस ते तिथे उभी राहून बोल."

"वहिनी, वेडी झालीस का? माझी मांडी दुखत्ये..."

"जीभ तर नाही ना दुखत? चल म्हणते ना!"

हल्लूमाला मनगट धरून ती ओढतच घेऊन आली. विसाल धावत मागे आली. मन्नूबियानं नणंदेला भट्टीसमोर उभं केलं, हातात बाटली दिली आणि म्हणाली, "बोल. तुझ्या आईचा दंडक आहे, माझ्या नव्हे. इथे खोटं चालत नाही."

हल्लूमानं बाटलीकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, आणि शेवटी वैतागून म्हणाली, "जळलंय! झालं समाधान? करपलंय! गटारात ओतलं तर उंदीर घर सोडून जातील! सकाळपासून माझी गादी वाळत होती गच्चीवर, तिलासुद्धा वास लागलाय, आज मी झोपू कशावर?"

मन्नूबियानं डोळे मिटले. "आता कसं," ती म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. हल्लूमा गोंधळली. शिव्या ऐकून भावजय रडल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. तिनं बाटली खाली ठेवली, शेजारी टेकली आणि विचारलं, "कधीपासून नाही येत वास?"

"तापापासून."

"आणि गाढवासारखी भट्टीपाशी बसलीस?"

"मग कोण बसणार?"

यावर दोघींनी विसालकडे पाहिलं. विसाल दाराला टेकून उभी होती. ती खालच्या मानेनं म्हणाली, "लल्ला, मी बाटली बदलणार होते. रविवारी तुमची म्हणून दुसरीच पाठवणार होते. तुम्हाला कळणार नव्हतं."

"दुसरी? कुणाची?"

विसाल अडखळली. पण भट्टी समोरच होती. "आत्याबाईंची."

"काय?" मन्नूबिया रडायची थांबली. "माझ्या नातीच्या साखरपुड्याला हिचं पाणी? त्यापेक्षा जळकं बरं!"

"बघ, बघ! नाक गेलं तरी खोड गेली नाही," हल्लूमा म्हणाली, आणि तिचा आवाज आता नेहमीसारखा झाला होता.

विसालनं आणखी एक कबुली दिली. आज सकाळी बाजारात तिनं फुलांचा जास्तीचा ढीग घेतला होता आणि तो मागच्या खोलीत चादरीवर पसरून ठेवला होता. "मला शिकायचं होतं," ती म्हणाली. दुसरा दिवस असता तर मन्नूबियानं सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज तिनं फक्त विचारलं, "देठं काढलीस?"

"काढली."

"सगळी?"

"भट्टीपाशी सांगत्ये ना, लल्ला. सगळी."

रात्री भांडं राखेनं आणि लिंबानं खरवडून लख्ख केलं, आणि सकाळी तिघी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून खोलीत बसल्या. स्टुलावर विसाल. जाळाशी तिचा हात, टोपातलं पाणी तिनंच बदलायचं. मन्नूबिया खाली चटईवर, भट्टीला कान लावल्यासारखी, आतला आवाज ऐकत. आणि नळीच्या तोंडाशी हल्लूमा, कारण तिघींत धड नाक तेवढं तिचंच. मन्नूबिया विचारायची, "हिरवा आहे अजून?" हल्लूमा म्हणायची, "हिरवाच." "आता?" "गोड यायला लागला." "विसाल, एक लाकूड ओढ. अगं ते नाही, जाड! सर्दी झाल्ये का तुला?" विसाल खुदकन हसली. इतक्या वर्षांत त्या शब्दावर ती पहिल्यांदा हसली.

बाटली भरली. विसालनं ती कापडावर उतरवून ठेवली. वर तेलाचा तवंग जमला होता, बोटभर जाडीचा नव्हे, नखभर, पण होता. मन्नूबियानं बाटली हातात घेतली, सवयीनं नाकाशी नेली, खाली घेतली आणि नणंदेपुढे धरली.

"सांग."

हल्लूमानं तळहातावर चार थेंब घेतले. चोळले, हुंगले, पुन्हा हुंगले.

"बिघडलं का?" मन्नूबियानं विचारलं. "सांग गं, मी ऐकायला तयार आहे."

"नाही बिघडलं," हल्लूमा म्हणाली. "दरवर्षी तुझ्या पाण्याला येतो तसाच वास आहे."

"म्हणजे कसा?"

हल्लूमानं भट्टीकडे एकदा रागानं पाहिलं. "म्हणजे नाबुलात असा दुसऱ्या कुणाचा येत नाही. माझाही नाही. पुरे?"

मन्नूबियानं बाटली कापडावर ठेवली. तिच्याकडे वळून म्हणाली, "मग इतकी वर्षं जिना काय, बादली काय, पातळ काय... ते सगळं खोटं बोलत होतीस?"

"ओट्यावर बोलत होते ना," हल्लूमा तळहात पुन्हा नाकाशी नेत म्हणाली. "ओट्यावर चालतं."